आई-वडील स्वतःच्या घरीच राहणार, मग मदतीला कोण? मावशी, ब्युरो की होमकेअर कंपनी

ऐंशीच्या घरातली आई किंवा वडील एकटे आहेत, स्वतःचं घर सोडायचं नाही म्हणतात, आणि मुलं ठाण्यात, बंगळुरात नाहीतर न्यू जर्सीत. अशा घरी मदतीला कुणाला ठेवायचं हे ज्यांना आत्ता ठरवायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझी आई पुण्यात आणि सासरे कराडला. दोन्हीकडे व्यवस्था लावताना जे कळलं ते इथे मांडते. वृद्धाश्रम आणि ज्येष्ठांच्या वसाहती हा वेगळा विषय आहे. घरीच राहायचं ठरलं असेल तर समोर तीन वाटा असतात: ओळखीतून मिळालेली मावशी (म्हणजे कामाची बाई; पुरुष मदतनीस असेल तर मामा), ब्युरोतून म्हणजे मदतनीस पुरवणाऱ्या एजन्सीतून येणारी बाई किंवा मामा, आणि होमकेअर कंपनी.

चौकशीला फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "बारा तास की चोवीस तास?" लगेच उत्तर देऊ नका. आईला नेमकं काय जमत नाही, ते आधी कागदावर लिहून काढा.

आधी कामं, मग तास

वृद्धांवर उपचार करणारे डॉक्टर यासाठी दोन याद्या वापरतात. पहिली सहा कामांची, डॉ. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ साली मांडलेली: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि आपल्या हातानं जेवणं. दुसरी लॉटन आणि ब्रॉडी यांची १९६९ मधली, आठ कामांची: फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घर आवरणं, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचे व्यवहार. सहसा दुसऱ्या यादीतली कामं आधी हातातून सुटतात, पहिल्या यादीतली बरीच नंतर.

हा फरक पैशांच्या दृष्टीनेही मोठा आहे. फक्त दुसऱ्या यादीतली कामं अडत असतील तर दिवसभर माणूस ठेवायची गरजच नाही. पोळीभाजीच्या ताई, आठवड्याच्या गोळ्या वारानुसार भरून ठेवायचा डबा, घरपोच औषधं देणारा केमिस्ट आणि सोसायटीतला एक भरवशाचा शेजारी एवढ्यावर कितीतरी घरं वर्षानुवर्षं नीट चालतात. पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला २०१४ पासून डिजिटल झाला आहे आणि पोस्टमन घरी येऊनही तो करून देतो. सत्तर वर्षांवरच्या ग्राहकांना बँकेच्या मूलभूत सेवा घरी द्याव्यात, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना दिली आहे. शाखेत जाऊन विचारावं लागतं, पण विचारा.

पहिल्या यादीतलं एखादं काम अडायला लागलं की मात्र माणूस लागतो. तिथून पुढची तुलना सुरू होते.

ज्या दिवशी बाई येत नाही

तिन्ही वाटांमधला खरा फरक एकाच दिवशी दिसतो: ज्या दिवशी ठरलेली बाई येत नाही. गावची जत्रा, गणपती, मुलीचं बाळंतपण, स्वतःचा ताप, काहीही कारण असू शकतं, आणि कारण खरंच असतं.

ओळखीची मावशी आली नाही तर त्या दिवशी कुणीच नसतं. पुण्यातल्या आईसाठी मी ठाण्याहून निघाले तरी पोहोचेपर्यंत दुपार होणार. मावशी ठेवायची असेल तर दुसऱ्या मावशीचा नंबर पहिल्या दिवसापासून हाताशी हवा, आणि ती महिन्यातून एकदा तरी घरी येऊन जायला हवी. म्हणजे गॅसची शेगडी कुठली, गोळ्या कुठे आणि आई कुठल्या पायावर जोर देत नाही, हे तिला माहीत असतं.

ब्युरो "रिप्लेसमेंट देतो" असं आधीच सांगतो आणि बहुतेक वेळा देतोही. पण येणारी बाई नवी असते. तिला काही माहीत नसतं, आणि अनोळखी बाईसमोर अंघोळीला कपडे काढायला आईला संकोच वाटतो. बदली बाई आली त्या दिवशी आईने "आज बरं वाटत नाही" म्हणून अंघोळच केली नाही, हे मी दोनतीनदा पाहिलं आहे. ब्युरोशी बोलताना रिप्लेसमेंट किती तासांत, एवढ्यावर थांबू नका. बदलीला येणाऱ्या बाईला आधीच एकदा येऊन काम बघून जाता येईल का, हेही ठरवून घ्या.

या बाबतीत कंपनीची बाजू सर्वात भक्कम. त्यांच्याकडे माणसं जास्त, वेळापत्रक सांभाळणारं वेगळं माणूस असतं, आणि रोजची नोंद परदेशातल्या मुलाला मोबाइलवर दिसते. रक्तदाब किती, जेवण किती, शौचाला झालं का, सगळं लिहिलेलं असतं. दुरून काळजी करणाऱ्याला ती नोंद फार धीर देते. पण सगळं ठीक असल्याची खूण करून ठेवणं सोपं असतं, म्हणून आठवड्यातून एकदा तरी आईला फोन करून सविस्तर विचाराच.

पैशांचा क्रम सहसा ठरलेला: मावशी सर्वात कमी, ब्युरो मधे, कंपनी सर्वात वर. ब्युरो कधी एकरकमी कमिशन घेतो आणि पगार आपण थेट बाईच्या हातात देतो, तर कधी सगळे पैसे त्यालाच द्यायचे असतात आणि बाईला किती पोहोचतात ते आपल्याला कळत नाही. तेवढं स्पष्ट विचारा. ज्या बाईच्या हातात पगार कमी पडतो ती दुसरं घर मिळालं की जाते, आणि त्यात तिचा दोष नसतो.

आमच्या कराडच्या घरी कंपनीचा पर्याय नव्हताच. तालुक्याच्या बऱ्याच गावांत आजही तेच चित्र आहे. तिथे ओळखीतला मामा ठेवला आणि स्थानिक फिजिओथेरपिस्टने त्याला समोर उभं करून शिकवलं: वॉकर कसा धरायला द्यायचा, खुर्चीतून उठवताना बगलेत हात घालून का ओढायचं नाही, जिना चढताना मदतनिसाने खालच्या पायरीवर का राहायचं. थोड्या पैशांत एवढं शिक्षण कुठलीही ओळखीची बाई किंवा मामा घेऊ शकतो. माझ्या मते मावशीच्या पर्यायातली सर्वात मोठी उणीव याने बऱ्यापैकी भरून निघते.

नर्स कधी

ब्युरोच्या जाहिरातीत "सिस्टर" असं लिहिलेलं असतं, पण येणारी प्रत्येक बाई नर्स नसते. एएनएम आणि जीएनएम हे नर्सिंगचे दोन अभ्यासक्रम: एएनएमचं शिक्षण दोन वर्षांचं, जीएनएमचं तीन वर्षांचं, आणि दोघींचीही महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. लघवीची नळी बदलणं, नाकातली नळी, शिरेतून औषध, शय्याव्रणाचं (झोपून राहिल्याने होणाऱ्या जखमेचं) ड्रेसिंग ही नर्सची कामं आहेत. अंघोळ, डायपर, भरवणं आणि झोपून असलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलणं हे अटेंडंटचं काम. नर्स दिवसभर बसवून ठेवण्यापेक्षा दिवसाला एक भेट आणि उरलेल्या वेळी अटेंडंट, ही जोडी बहुतेक घरांना पुरते आणि परवडते.

चोवीस तास म्हणजे किती तास

चोवीस तासांची बाई बारा-बारा तासांच्या दोन बायांपेक्षा स्वस्त पडते, म्हणून बहुतेक जण तिकडे वळतात. वडील रात्री शांत झोपत असतील तर ते ठीक आहे. पण रात्री चार वेळा लघवीला उठवावं लागत असेल, तर एकच बाई दिवसरात्र हे करू शकणार नाही. आठवड्याभरात ती थकते, आणि पहाटेच्या झोपेत वडील एकटेच उठून पडतात. अशा घरी दोन पाळ्याच हव्यात. पैसे अगदीच ताणले जात असतील तर दिवसाची बाई कमी करून रात्रीची ठेवा, कारण अंधारात, झोपेच्या भरात बाथरूमकडे जातानाचा प्रवास फार धोक्याचा असतो.

घरी राहणाऱ्या बाईला आठवड्याची सुट्टी, स्वतःची झोपायची जागा आणि पोटभर वेळेवर जेवण, हे पहिल्याच बोलण्यात ठरवा. घरकाम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २००८ पासून कल्याण मंडळाचा कायदा आहे. तिने मंडळाकडे नोंदणी केली आहे का ते विचारा, नसेल तर अर्ज भरायला मदत करा.

जास्त मदतही नको

इथे मला सर्वात आग्रहाने बोलायचं आहे. आमच्या शेजारच्या काकू सकाळी स्वतःचा चहा स्वतः करत. गुडघे दुखत, पण ओट्याला हात टेकून उभ्या राहत, आलं किसत आणि दूध उतू जाऊ न देता गाळत. मुलाने काळजीपोटी चोवीस तासांची बाई लावली. बाई चांगली, कामाची. "आजी, तुम्ही बसा, मी आणते." चहा हातात, पेपर हातात, चप्पल पायापाशी. तीनेक महिन्यांत काकूंना ओट्यापर्यंत जायलाही आधार लागायला लागला. मांडीचे स्नायू वापरले नाहीत की उतारवयात फार झपाट्याने जातात, आणि "पडेन" ही भीती त्याहून लवकर वाढते.

म्हणून जे जमतं ते आईनेच करायचं, मग वेळ लागो. अंघोळीला प्लॅस्टिकचं स्टूल, साबण आईच्या हातात, पाठ आणि पाय बाईने. पालेभाजी आईने निवडायची, पातेलं बाईने उचलायचं. हे बाईला पहिल्याच दिवशी सांगा आणि कारणही सांगा, नाहीतर "काम न करता बसते" असं घरातलेच म्हणतील या धाकाने ती सगळं आपल्याच अंगावर घेईल. या एका निकषावर मला ओळखीची मावशी उजवी वाटते. ती ओट्याशी उभी राहून आईशी गप्पा मारते. तास भरायला आलेलं माणूस काम लवकर उरकतं.

याच्या जोडीला घरात थोडे बदल करा: कमोडजवळ आणि बाथरूममध्ये भिंतीला पक्के दांडे, न घसरणारी मॅट, पलंग ते बाथरूम वाटेवर रात्रभर जळणारा दिवा आणि दारातलं पायपुसणं काढून टाकणं. हा सगळा खर्च बहुतेक शहरांत बाईच्या एका पगाराहून कमी असतो, आणि तो माणूस लावण्याच्या आधी करायचा आहे.

विस्मरण असेल तर

डिमेन्शिया असेल तर वरचा हिशेब बदलतो. दर आठवड्याला नवा चेहरा दिसला की अशा माणसाचा गोंधळ आणि संताप वाढतो. तिथे कंपनीच्या बदलत्या माणसांपेक्षा एकच टिकणारी बाई हवी, थोडे जास्त पैसे देऊन का होईना. दाराला आतून सहज न उघडणारी कडी आणि खिशात नाव व फोन नंबरची चिठ्ठी, हेही लागतंच.

विमा, पोलीस आणि पैसे

सत्तर वर्षांवरच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांचं संरक्षण आहे, पण ते रुग्णालयातल्या उपचारांसाठी. घरच्या बाईचा पगार त्यातून निघत नाही, आणि खासगी आरोग्य विम्यातूनही सहसा निघत नाही. हा खर्च पेन्शन, व्याज आणि मुलांच्या खिशातूनच करायचा, असं धरून बेत करा. पोलीस पडताळणी तिन्ही वाटांवर करायची. "कंपनीने केली असेल" म्हणून सोडू नका. एटीएमचा पिन बाईला द्यायचा नाही, आणि दागिने लॉकरमध्ये गेले की बाईवरचा संशयाचा भारही उतरतो. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ आईच्या फोनमध्ये भरून ठेवा.

मी कुणाला काय सुचवेन? वडील चालते-फिरते आणि मुलगा-मुलगी त्याच शहरात असेल तर ओळखीची मावशी, काही तासांसाठी. खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी आणलं असेल तर सुरुवातीचे आठवडे कंपनी, फिजिओथेरपीसह, आणि पाय चालायला लागला की मावशी. झोपून असतील तर ब्युरोच्या दोन पाळ्या आणि नर्सची भेट. मुलं परदेशात आणि इथे जवळचं कुणीच नसेल तर पैसे जास्त गेले तरी कंपनी.

काहीही ठरवलंत तरी पहिला आठवडा कुणीतरी घरी मुक्कामाला राहा. आणि आठवड्याच्या शेवटी बाई भाजी आणायला गेलेली असताना आईला एकटीला विचारा, "हिच्याबरोबर राहशील ना?" ती नाही म्हणाली तर दुसरी बाई शोधा.