वजनकाटा आठ महिने वापरला, निकाल मात्र मास्तरांनी दिला

फेब्रुवारीत १,४९९ रुपयांना ऑनलाइन मागवलेला काचेचा डिजिटल वजनकाटा, मोबाइलला जोडता येणारा. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीतले काटे मला तरी सगळे सारखेच वाटतात, आणि माझी तक्रार अर्धी काट्याबद्दल आहे, अर्धी माझ्याबद्दल.

आधी थोडी माहिती, म्हणजे पुढच्या आकड्यांचा अर्थ लागेल. वय ५३, उंची १५६ सेंटीमीटर. राहते बडोद्याला, कारेलीबागेत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जानेवारीच्या रिपोर्टमध्ये एचबीए१सी (रक्तातल्या सरासरी साखरेची तपासणी) ६.३ आलं, रक्तदाब १४६/९२. डॉक्टर म्हणाले, "डायबेटिस अजून झालेला नाही, पण दाराशी येऊन उभा आहे. पाच-सात टक्के वजन उतरवा, मी जास्त काही मागत नाही." तेव्हा वजन होतं ८१.४. पाच-सात टक्के म्हणजे चार ते सहा किलो. मी मनात ठरवलं वीस. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

काट्याबद्दल. वजन तो नीट दाखवतो, पण फरशी सपाट हवी. आमच्याकडे जुनी मोझेक आहे, स्वयंपाकघरात उतार आहे. देवघरासमोर ७९.६ तर ओट्यापाशी ७८.९. पहिला आठवडाभर मी ओट्यापाशीच वजन करत होते, हे कबूल करते. सतरंजीवर तर ठेवूच नका, काहीही दाखवतो. सोबत आलेले सेल अजून चालू आहेत. काच टिकाऊ आहे, नातवानं त्यावर उड्या मारून झाल्यात.

वजन सोडून बाकी जे काही तो दाखवतो, ते मात्र फार मनावर घेऊ नका. वर चार धातूच्या पट्ट्या आहेत, अनवाणी उभं राहिलं की त्यातून अगदी सौम्य वीज पायांतून जाते. पाण्यातून ती सहज जाते, चरबीतून अडखळते, आणि त्यावरून तो चरबीचा अंदाज बांधतो. म्हणजे तुम्ही पाणी किती प्यायलात, नुकतीच आंघोळ केलीत का, चालून आलात का, यावर आकडा हलतो. एकाच सकाळी माझी चरबी चहाआधी ४१ टक्के होती आणि फिरून आल्यावर ३९. (पेसमेकर असलेल्यांनी असला काटा वापरायचा नाही, खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. माझ्या जावेला मीच वाचून दाखवलं.) शिवाय ॲप एक 'शरीराचं वय' सांगतं. माझं ६१ निघालं. माझ्या सासूबाईसुद्धा इतकं लागेल असं कधी बोलल्या नव्हत्या.

करत काय होते ते थोडक्यात. आठवड्यातून पाच दिवस सकाळी कमाटीबागेत चाळीस मिनिटं चालणं. भात निम्मा, डाळ-उसळ दुप्पट, रात्रीचं जेवण साडेसातला. पोळीवरचं तूप सोडलं नाही. एप्रिलपासून खुर्चीवरून हात न लावता उठबस आणि पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलणं, एवढाच व्यायाम.

पहिले दोन महिने छान गेले. काटा उतरत होता आणि मीही रोज सकाळी आनंदात. खरं तर रोज सकाळी, रोज दुपारी आणि कधीकधी रात्री झोपतानाही. मग एका रविवारी माहेरची मंडळी आली, सगळे सेवउसळ खायला गेलो. लाल तर्री, वर मूठभर शेव, तीन पाव. सोमवारी काटा १.१ किलोनं वर. माझा दिवस गेला. आता कळतं की ते पाणी होतं. मीठ पाणी धरून ठेवतं, आणि पावातला पिष्टमय भाग स्नायूंत साठतो तेव्हा आपल्या वजनाच्या जवळपास तिप्पट पाणी सोबत घेऊन बसतो. एक किलो चरबी अंगावर चढायला साधारण ७,७०० कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात. सेवउसळ मला प्रिय आहे, पण तितकी नाही.

खरा घोळ मे-जूनमध्ये झाला. सात आठवडे काटा ७७.८ आणि ७८.४ यांच्यामध्येच. चालणं तेच, जेवण तेच, उन्हाळा असा की बागेतून परत येईपर्यंत ओढणी पिळावी. मी रात्रीचं जेवण बंद केलं. चिडचिड वाढली, आमच्या ह्यांच्यावर विनाकारण ओरडले. एका पहाटे काट्यावर उभी राहून रडले, तेही ३०० ग्रॅमसाठी. मुलगी पुण्याला असते, तिला फोन केला. ती म्हणाली, "आई, तो काटा माळ्यावर टाक आणि शिवणाच्या डब्यातली टेप काढ."

टेप काढली. जानेवारीत डॉक्टरांकडे कंबर मोजली होती ती कागदावर लिहिलेली होती, १०४. श्वास सोडून, बेंबीच्या पातळीवर, टेप न आवळता मोजलं. ९८. पुन्हा मोजलं, पुन्हा ९८. काटा ढिम्म उभा होता त्या सात आठवड्यांत यातले किती सेंटीमीटर गेले ते सांगता येणार नाही, कारण मधल्या काळात मी मोजलंच नव्हतं. हीच माझी चूक. आपल्याकडे बायकांसाठी कंबरेची मर्यादा ८० सेंटीमीटर धरतात. दुसरा सोपा नियम म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, माझ्यासाठी ७८. म्हणजे पल्ला अजून लांब आहे. पण पोटाच्या आतली चरबीच साखर आणि रक्तदाब बिघडवते, आणि तिचा अंदाज टेपला काट्यापेक्षा बरा येतो.

त्याच आठवड्यात भाचीच्या साखरपुड्यासाठी पैठणी काढली. तिचा ब्लाऊज १५ वर्षांपूर्वी दांडिया बाजारातल्या मास्तरांनी शिवलेला. त्यांची पद्धत अशी की दोन्ही बाजूंना भरपूर माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, ठेवायची. गेल्या १५ वर्षांत ती माया मी तीनदा उसवून घेतली होती, शेवटची शिवण तर अगदी कापडाच्या काठावर होती. घालून पाहिला तर काखेखाली कापड लोंबत होतं. मास्तरांकडे नेला. त्यांनी आतली बाजू उलटून दिव्याखाली धरली. जुन्या शिवणींच्या तीन रेघा दिसत होत्या, टाके निघाले तरी दोऱ्याची भोकं राहिलेली, आणि त्यांच्यामधलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद, कारण त्यानं ऊन पाहिलंच नव्हतं. मास्तरांनी टाचण्या लावल्या आणि सगळ्यात बाहेरची शिवण काढून मधल्या रेघेवर टीप मारली. वजन किती उतरलं वगैरे काही विचारलं नाही. साठ रुपये घेतले.

मी काट्याला आठ महिन्यांत जितके प्रश्न विचारले, त्यांचं उत्तर त्या रेघेवर होतं.

त्यानंतर काटा पलंगाखाली गेला. आता महिन्यातून दोनदा, रविवारी सकाळी, देवघरासमोरच्या फरशीवर. ॲप काढून टाकलं. त्याऐवजी वहीच्या मागच्या पानावर वाटेल ते लिहायला लागले. खंडेराव मार्केटमधून भाजीच्या दोन पिशव्या घेऊन तीन मजले चढताना पूर्वी दोनदा थांबायची, दुसऱ्या मजल्यावरच्या बेनच्या चपलांचं कपाट हा माझा ठरलेला थांबा. ऑगस्टमध्ये एकदा घरात पोचल्यावर लक्षात आलं की आपण थांबलोच नाही. एक किलो वजन उतरलं की चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक सुमारे चार किलोनं कमी होतो, असं वाचलं होतं. त्या दिवशी गुडघ्यांनी ते पटवून दिलं. अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून उठबस आठ व्हायची, आता चौदा होते. गौरींच्या आरतीला जमिनीवरून उठताना टेबलाचा पाय धरला नाही.

आणि घोरणं. एका सकाळी हे म्हणाले, "रात्री दोनदा उठून पाहिलं, तुझा आवाज नव्हता, म्हटलं बरं आहे ना?" ३० वर्षांत इतकी काळजी पहिल्यांदाच.

नवरात्रात मोठ्या मैदानावर गरबा खेळायला गेलो. गेल्या वर्षी एक फेरी झाली आणि मी खुर्ची शोधत होते. यंदा अनवाणी मध्यंतरापर्यंत खेळले, नंतर फक्त टाळ्यांवर. तळवे दुखले, दम लागला नाही. चणियाची नाडी दोन बोटं जास्त ओढावी लागली.

आता रिपोर्ट. वजन ७५.२, म्हणजे ६.२ किलो कमी, साडेसात टक्क्यांच्या आसपास. कंबर ९३. एचबीए१सी ५.७. रक्तदाब १२८/८२, तोही नवी गोळी न लावता. एचबीए१सी दर महिन्याला करायच्या भानगडीत पडू नका. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगतो, काल खाल्लेल्या जिलेबीचा नाही. ५.७ म्हणजे अजून दारातच आहे, डॉक्टरांनी तेही स्पष्ट सांगितलं. माझ्या डोक्यातल्या वीसपैकी चौदा किलो राहिले म्हणून मी तोंड पाडून बसले होते, तर त्यांनी माझाच जानेवारीचा कागद समोर ठेवला. "मी सात मागितले होते, तुम्ही साडेसात दिले. वीस कुणी मागितले?"

काट्याला पाचपैकी तीन तारे. वजन बरोबर सांगतो, दिसायला चांगला आहे. दोन तारे ॲपचे कापले. ज्यांना रोज आकडा पाहून त्रास होतो त्यांनी घेऊ नये, साधा घेतला तरी चालेल. टेप शिवणाच्या दुकानात पंधरा-वीस रुपयांना मिळते, तिला पाच. फक्त कापडी जुनी असेल तर बदला, ताणून लांब होते आणि खोटं समाधान देते.

दसऱ्यानंतर तोच ब्लाऊज पुन्हा मास्तरांकडे नेला. या वेळी सगळ्यात आतल्या रेघेवर टीप बसली. आत दोन्हीकडे दोन-दोन बोटं कापड गोळा झालेलं, काखेत टोचत होतं. मास्तरांनी कात्री उचलली आणि विचारलं, "बेन, आ वधारानुं कापी नाखुं?" म्हणजे, हे जास्तीचं कापून टाकू?

मी म्हटलं, "रहेवा दो, मास्तर. दिवाळी येतेय."