नेमबायो: डोमेनचा खरा भाव बघायचा तर इथे

नेमबायोला मी पाचपैकी चार गुण देईन. डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव; कुठलं नाव कितीला विकलं गेलं याची नोंद ही साइट ठेवते. डोमेनच्या धंद्यात जे थोडं सरळ आहे, त्यातली ही एक साइट.

डोमेनची किंमत सांगणारी फुकट यंत्रं नेटवर ढीगभर आहेत. नाव टाका, बटण दाबा, आकडा हजर. माझं काम वेबसाइट करून द्यायचं आणि गिऱ्हाईक बहुतेक सांगलीतले हळद-बेदाण्याचे व्यापारी, त्यामुळे या आकड्यांचे स्क्रीनशॉट मला व्हॉट्सअॅपवर सतत येतात. "मॅडम, आपल्या नावाचे पावणेदोन हजार डॉलर दाखवतंय, विकून टाकू का?" विका की! घेणारा आणा. यंत्र शब्दाची लांबी बघतं, शेवटी डॉट कॉम आहे का बघतं, जुन्या विक्रीशी ताडून आकडा ठोकतं. त्या आकड्याला ते यंत्र स्वतः काही तुमचं नाव विकत घेणार नाही. हे गिऱ्हाइकाच्या गळी उतरवायचं तर नेमबायो उघडून द्यायची.

इथे अंदाज नाही, झालेली विक्री आहे. नाव, रक्कम, तारीख, कुठे विकलं, एवढीच ओळ. यार्डात सौदे निघाल्यावर फळ्यावर दर लिहितात तसा प्रकार. शब्द टाकून, एक्स्टेन्शन (डॉट कॉम, डॉट इन असं शेपूट) निवडून, रकमेची आणि तारखेची मर्यादा घालून हवं तसं चाळता येतं. अधूनमधून बघणाऱ्याला फुकटात मिळतं तेवढं पुरतं.

किमतीनं उतरत्या क्रमानं लावलं की आधी डोळे फिरतात. व्हॉइस डॉट कॉम, 2019, 3 कोटी डॉलर. मायक्रोस्ट्रॅटेजीनं ब्लॉक डॉट वन या कंपनीला विकलं. चॅट डॉट कॉम हबस्पॉट या सॉफ्टवेअर कंपनीच्या धर्मेश शाह यांनी 2023 मध्ये 1 कोटी 55 लाख डॉलरला घेतलं, पुढे ते चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयकडे गेलं. लोक इथेच थांबतात आणि घरी जाऊन दहा नावं घेऊन ठेवतात. मी माउस त्यांच्या हातात देते आणि म्हणते, आता खाली या. येत राहा. कोटी संपतात, लाख संपतात, आणि मग शे-दोनशे-पाचशे डॉलरच्या ओळी सुरू होतात त्या संपतच नाहीत. यातली बरीचशी खरेदीही दुसऱ्या दलालानंच केलेली असते, पुढे विकायला म्हणून.

आणि या सगळ्या विकल्या गेलेल्या नावांच्या ओळी. न विकलेल्यांची यादी कोणी लावत नाही. धंद्यातले जुने लोक ढोबळमानानं सांगतात की शंभर नावं बाळगली तर वर्षाला त्यातली एक-दोन जातात, तीही नावं बरी असली तर. डॉट कॉमचा एका नावाचा वर्षाचा ठोक दर सप्टेंबर 2024 मध्ये 10 डॉलर 26 सेंट झाला. हा व्हेरिसाइन घेते, सगळ्या डॉट कॉमची नोंद ठेवणारी कंपनी. त्यावर रजिस्ट्रारचा, म्हणजे आपल्याला नाव विकणाऱ्या कंपनीचा नफा, वर 18 टक्के जीएसटी. आपल्याला नूतनीकरण हजार-दीड हजारात पडतं. शंभर नावांचे वर्षाला लाख-दीड लाख झाले. एखादं नाव पन्नास हजारांना गेलं म्हणून पेढे वाटणाऱ्याला हा हिशेब विचारून बघा.

मराठी नावांचं तर आणखी वेगळं. ज्या नावाचं स्पेलिंग फोनवर सांगावं लागतं त्याचा भाव तिथेच पडतो. 'वाडा' म्हटलं की समोरचा विचारणार, व्ही की डब्ल्यू? मग 'ए' एक की दोन? 'फ'ला एफ की पीएच? नेमबायोवर आपले शब्द टाकून बघा, विक्री फारच तुरळक सापडते. देवनागरीतलं डॉट भारत 2014 मध्ये आलं, मराठी त्यात पहिल्यापासून आहे, पण माझ्या एकाही गिऱ्हाइकानं ते आपणहून मागितलेलं नाही.

दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव धरून बसणाऱ्यांसाठी मात्र ही साइट बिनकामाची. तिथे भाव नसतो, नोटीस असते. रेडिफनं 'रॅडिफ' नावाच्या साइटविरुद्ध 1999 मध्येच मुंबई उच्च न्यायालयातून मनाई मिळवली होती. जिओहॉटस्टारचं प्रकरण त्यामानानं अलीकडचं. जिओ आणि हॉटस्टारच्या विलीनीकरणाची कुणकुण लागताच दिल्लीतल्या एका तरुणानं ते डॉट कॉम घेऊन ठेवलं आणि 2024 मध्ये केंब्रिजच्या फीपुरते, म्हणजे साधारण एक कोटी रुपये मागितले. रिलायन्सनं दिले नाहीत. पुढे ते नाव दुबईतल्या दोन लहान भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट देऊ केलं. एक कोटी ते शून्य, नाव तेच.

विकणाऱ्यांना आणखी एक ठेच हमखास लागते. ईमेल येतो: आमच्याकडे घेणारा तयार आहे, नऊ हजार डॉलर द्यायला राजी आहे, फक्त अमुक ठिकाणाहून मूल्यांकनाचं प्रमाणपत्र आणा. प्रमाणपत्राचे शंभरेक डॉलर तुम्ही भरायचे. भरले की घेणारा गायब. माझ्या एका बेदाणावाल्या काकांना असा मेल आला तेव्हा त्यांच्यासमोरच नेमबायो उघडून त्या धाटणीची नावं दाखवली. तीनशे डॉलरच्या वर एक नव्हतं. काका म्हणाले, "म्हणजे आपल्याला गिऱ्हाईक नाही, आपणच गिऱ्हाईक."

घेणाऱ्याला या साइटचा जास्त फायदा होतो, असं माझं मत. एका हळद निर्यातदाराला इंग्रजी दोन शब्दांचं डॉट कॉम हवं होतं, मालक परदेशातला, मागणी 2,800 डॉलरची. आम्ही तशाच जोडशब्दांच्या गेल्या काही वर्षांतल्या विक्री काढल्या आणि त्याच ओळी मालकाला पाठवल्या. त्यानं आधी नाक मुरडलं, मग उत्तरच नाही. नूतनीकरणाची तारीख जवळ आल्यावर स्वतःहून मेल केला. 650 डॉलरवर सौदा ठरला. पैसे एस्क्रोत, म्हणजे मधल्या तिसऱ्याकडे ठेवले, नाव आमच्या खात्यात आल्यावरच सोडले. अनोळखी माणसाशी व्यवहार करताना दुसरा मार्गच नको. अर्थात निर्यातदाराला ते नाव खरंच लागणार होतं. जर्मनीतल्या प्रदर्शनासाठी छापायची खोकी अडली होती. मालकाला हे कळलं असतं तर 2,800 सुद्धा वसूल झाले असते, म्हणून मेल मी माझ्या साध्या जीमेलवरून केले, कंपनीचं नाव कुठेही न आणता.

आता तो कापलेला एक गुण. आमचा हा सौदा नेमबायोवर नाही. खासगीत झालेले, दोघांनीही कुठे न कळवलेले व्यवहार तिथे येणार कुठून? शंभर डॉलरच्या आतलं किरकोळही सापडत नाही. डॉट इनच्या ओळी डॉट कॉमच्या मानानं इतक्या थोड्या की तुलनेला हात आखडता घ्यावा लागतो, आणि माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना डॉट इनच हवं असतं. त्यांना मी सांगते, मोकळं असेल ते नाव आजच नेहमीच्या दरात घ्या, आणि त्या यंत्राचे स्क्रीनशॉट मला पाठवू नका.