एनएलपी, सात महिन्यांनंतर: पाटीवरचा ‘नका’ परत आला

माझ्या टेबलावर एक हातमोजा पडलाय. उजव्या हाताचा, तर्जनीचं टोक फाटलेला. तो नसता तर हा अनुभव लिहायला घेतलाच नसता, कारण तिसऱ्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर एनएलपीच्या या पॅकेजला पाचपैकी चार गुण देऊन मी मोकळा झालो असतो.

पॅकेज म्हणजे सुपरवायझरांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा, टूलबॉक्स टॉकसाठी (काम सुरू करण्याआधीचं सुरक्षेचं छोटं बोलणं) तयार संहिता, सगळ्या सुरक्षा पाट्यांची ‘भाषा सुधारणा’ आणि वर्षभर फोनवर मदत. मी सेफ्टी बघतो, पॅकिंगच्या कारखान्यात. एनएलपी म्हणजे न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग, बोलण्याची पद्धत बदलून माणसाचं वागणं बदलता येतं असं म्हणणारं तंत्र. याहून जास्त इथे सांगत बसत नाही. ते काढणारे बँडलर आणि ग्राइंडर, अमेरिकेतलं सांताक्रूझ, सत्तरचं दशक हे सगळं प्रत्येक कार्यशाळेच्या पहिल्या अर्ध्या तासात येतंच. फक्त एक गोष्ट त्या अर्ध्या तासात कुणी बोलत नाही. त्या दोघांनी ज्यांच्या बोलण्याचा अभ्यास केला ते पर्ल्स, सॅटिर, एरिक्सन हे मानसोपचार करणारे लोक होते. समोर बसलेला माणूस स्वतःहून बदलायला आलेला, खोली शांत. आमच्याकडे लाइन चालू असताना 85 डेसिबलच्या वर आवाज असतो आणि दोघांच्याही कानात प्लग. तिथे ‘समोरच्याच्या आवाजाच्या पट्टीत बोला’ म्हणजे त्याच्याइतकंच ओरडा.

समोरच्याशी देहबोली जुळवा, हा त्यांचा दुसरा धडा. त्याचं तर हसूच झालं. पहिल्या आठवड्यात मी एका जुन्या ऑपरेटरशी बोलताना त्यांच्यासारखाच खांबाला टेकून, कमरेवर एक हात ठेवून उभा राहिलो. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “साहेब, पाठ धरली का? आत जाऊन बसा, मी लिहून देतो.” दुसऱ्या दिवसापासून बंद.

डोळे कुठे वळले यावरून खरंखोटं ओळखण्याचा धडाही कार्यशाळेत मिळालेल्या फाइलमध्ये होता. तो मी पानं स्टेपल करून बंद केला. 2012 मध्ये वाइजमन आणि सहकाऱ्यांनी तो दावा तपासला होता, त्यात काही निघालं नाही. आणि नियर मिसच्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताच्या, चौकशीत सुपरवायझर समोरच्याच्या बुबुळांकडे टक लावून बसला, तर पुढचा नियर मिस कोण सांगायला येईल? कोण ‘बघून शिकणारा’, कोण ‘ऐकून शिकणारा’ हे ओळखून हेल्मेटवर रंगीत स्टिकर लावायचे, हेही मी होऊ दिलं नाही. या वर्गीकरणाला आधार सापडत नाही हे शार्पलीने 1984 च्या आढाव्यातच लिहून ठेवलंय. शिवाय स्टिकरखाली तडा लपतो.

आता मूळ मुद्दा. ‘नका’.

प्रशिक्षकांचं म्हणणं, मेंदूला नकार कळत नाही. ‘पळू नका’ म्हटलं की मेंदू पळण्याचं चित्र बनवतो. पुरावा म्हणून पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग. आता वेग्नरचा 1987 चा तो प्रयोग खराच आहे: पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटलं की लोकांना तो विचार परत परत येतो. पण तो विचार दाबण्याबद्दल आहे, हात आवरण्याबद्दल नाही. आमच्याकडे ‘नो एंट्री’च्या गेटसमोर उभं राहून आत जाण्याचे विचार येणारे पुष्कळ असतील, आत कुणी जात नाही. मी हे भर कार्यशाळेत विचारलं. उत्तर मिळालं, “सर, तुम्ही फार लॉजिकल आहात.” ही तक्रार होती की कौतुक, अजून ठरवता आलेलं नाही.

तरीही पाट्या बदलल्या, कारण पैसे भरून झाले होते. लाल वर्तुळ आणि तिरकी रेघ असलेली आंतरराष्ट्रीय मनाईची चिन्हंसुद्धा काढा म्हणत होते, तिथे मात्र मी आडवा आलो. बाकी मजकूर बदलला. ‘पळू नका’चं ‘चालत जा’ झालं. ‘कठडा सोडू नका’चं ‘कठडा धरा’. ‘वाटेत सामान ठेवू नका’चं ‘सामान पिवळ्या रेषेच्या आत ठेवा’.

आणि सांगायला लाज नाही, फरक पडला. जिन्यावर कठडा धरणारे वाढले. सामान रेषेच्या आत जाऊ लागलं. म्हणून तर तिसऱ्या महिन्यात माझे चार गुण होते. आता वाटतं, यात मेंदूच्या नकाराचा काही संबंध नव्हता. जुनी पाटी काय करायचं नाही एवढंच सांगून गप्प बसायची. सामान मग ठेवायचं कुठे, हे ज्याचं त्याने बघावं. नवीन पाटीने जागा दाखवली. एवढं तर कुणीही फुकटात सांगितलं असतं.

सातव्या महिन्यात दोन नंबरच्या लाइनवर खोका अडकला. त्या जागी पूर्वी पाटी होती: ‘कुलूप लावल्याशिवाय हात घालू नका’. भाषा सुधारणेत तिचं झालं होतं ‘मशीन बंद करून साफ करा’. सुटसुटीत, सकारात्मक, मोठ्या अक्षरात. हेल्पर नवीन होता. त्याने पाटी वाचली आणि पाटीचं ऐकलं: स्टॉपचं लाल बटण दाबलं, मशीन बंद झालं, हात आत घातला. स्टॉपने मोटर थांबते. पण खोका ढकलणारा पुशर हवेवर चालतो आणि त्या सिलिंडरमध्ये हवा दाबाखाली तशीच उभी असते. खोक्याने पुशर अर्ध्यावर अडवून धरला होता. खोका निघाला तसा उरलेला स्ट्रोक पूर्ण झाला. हातमोज्याचं टोक पट्टी आणि फ्रेममध्ये सापडलं, बोट निसटून बाहेर आलं.

मुलगा थरथरत होता आणि एकच वाक्य परत परत म्हणत होता, “पण मी बंद केलं होतं, साहेब.” बरोबरच होतं त्याचं. ‘बंद’ या शब्दात आयसोलेटर (मशीनची वीज पूर्ण तोडणारा स्विच), त्याला कुलूप, ‘काम चालू आहे’ असा टॅग आणि हवा सोडणं हे चारही बसतं असं आम्ही गृहीत धरलं होतं. जुन्या पाटीत निदान ‘कुलूप’ हा शब्द होता. तो ‘नका’बरोबर पुसला गेला, आणि पुसलेल्या मजकुरावर शेवटची सही माझी होती.

मग फोनवरच्या मदतीला फोन केला. पाच दिवसांनी उत्तर आलं. एनएलपीत काही ठरलेली गृहीतकं असतात, त्यातलंच एक मला ऐकवलं गेलं: “अपयश असं काही नसतं सर, फक्त फीडबॅक असतो.” मी म्हटलं, तुमचंच दुसरं गृहीतक असं आहे की बोलण्याचा अर्थ म्हणजे त्याला मिळालेला प्रतिसाद. मग तुमच्या पाटीचा अर्थ माझ्या टेबलावर पडलाय, न्यायला या. त्यावर माझं फ्रेमिंग, म्हणजे गोष्टीकडे बघण्याची चौकट, चुकतंय असं निदान झालं, आणि त्यावर उपाय म्हणून एक दिवसाची उजळणी, अर्थात वेगळे पैसे. फोन ठेवल्यावर तासाभरात त्यांच्याकडून मेसेज आला: ‘ही संधी सोडू नका! नोंदणीला उशीर करू नका!’ हा मेसेज मी जपून ठेवलाय.

इतकं चिडून लिहिल्यावर एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी, नाहीतर खोटं ठरेल. फाइलमध्ये ‘मेटा मॉडेल’ नावाचा भाग आहे. समोरचा मोघम बोलला की नेमकं काय, नेमकं कधी, कशामुळे, असं विचारत जायचं. यात जादू नाही, पण हे प्रश्न विचारायची सवय मला नव्हती. वर्षानुवर्षं मी ‘लोक गॉगल घालत नाहीत’ असं रिपोर्टमध्ये लिहीत आलो. या वेळी त्या खांबाला टेकणाऱ्या काकांनाच विचारलं.

“गॉगल घालून काम होत नाही.”
“नेमकं कोणतं काम?”
“लेबल बघायचं.”
“दिवसभर दिसत नाही?”
“नाही हो, ग्लू मशीनपाशी गेलं की. तिथे वाफ असते. काच पांढरी होते. मग पुसायला हातमोजा काढा, पुसा, परत घाला. त्यापेक्षा कपाळावर बरा.”

गॉगल कपाळावर ठेवणारे सगळे त्या पंधरा पावलांच्या पट्ट्यातच होते. आणि आमचा गॉगल साधा होता. युरोपीय मानकात धुकं न धरणाऱ्या काचेवर ‘एन’ अक्षर असतं, अमेरिकन मानकात 2020 पासून ‘एक्स’. आमच्या काचेवर दोन्ही नव्हतं. स्टोअरने स्वस्त पडतो म्हणून तो मागवला होता. बदलून दिल्यावर कपाळं मोकळी झाली. या पॅकेजच्या पैशात सगळ्या शिफ्टना तसे गॉगल आले असते आणि पैसे उरले असते, हे गणित मी दोनदा केलं. तिसऱ्यांदा करवत नाही.

बोटं जुळवून ‘सावध अवस्था’ जागी करायचा जो अँकर, म्हणजे ठरलेली खूण, शिकवला होता, तो हातमोजे घातल्यावर लागतच नाही. त्याजागी आता आयसोलेटरपाशी बोट दाखवून मोठ्याने म्हणायचं: “कुलूप लागलं. हवा शून्य.” जपानी रेल्वेत ही पद्धत जुनी आहे. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या 1994 च्या चाचणीत दर शंभर कृतींमागे चुका 2.38 वरून 0.38 वर आल्या होत्या. पहिले दोन दिवस पोरं लाजली, नंतर म्हणू लागली. डोळ्याने गेज बघितल्याशिवाय ‘शून्य’ म्हणता येत नाही, त्यामुळे बघितला जातो.

मेन्टेनन्सने दोन नंबरवर डम्प व्हॉल्व्हही बसवलाय. गार्ड उघडला की हवा आपोआप सुटते, हेल्परने कोणती पाटी वाचली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बाकीच्या लाइन्सवर बसायला वेळ आहे, मंजुरी अडकली आहे.

तोवर जुन्या पाट्या स्टोअरमधून काढल्या. फेकल्या नव्हत्या, एका ड्रमवर झाकण म्हणून ठेवल्या होत्या. धुऊन घेतल्या. खाली नवीन पट्टी जोडली: ‘आयसोलेटर बंद, कुलूप, टॅग, हवा शून्य’. वर जुनंच वाक्य, ‘नका’सकट. भिंतीतली जुनी भोकं तशीच होती, ड्रिल लागलं नाही.