दाराचा चुंबकी अलार्म: स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाच्या घरासाठी

संध्याकाळ झाली की ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं आणि घरच्यांची पाठ वळताच माणूस अनवाणी बाहेर पडतो. अशा घरात हा दोन तुकड्यांचा बिनतारी अलार्म खरंच कामाचा आहे. सेन्सर चौकटीवर, चुंबक दारावर; दार उघडून दोन्ही दूर झाले की अलार्म वाजतो. दार बंद असताना दोन्हींमधली फट १ सेंटिमीटरच्या आत ठेवा. फट वाढली की दार बंद असूनही तो वाजतो आणि मग घरचेच वैतागून बंद करून टाकतात. सोबतची चिकटपट्टी दमट हवेत सुटते, छोटे स्क्रू बरे.

मोठी खोट आवाजात आहे. कर्कश भोंग्याने रुग्ण घाबरतो, चिडतो, कधी अंगावर धावून येतो. म्हणून वेगळा रिसीव्हर (वाजणारा भाग) असलेलंच मॉडेल घ्या. तो सांभाळणाऱ्याच्या उशाशी राहतो, दाराशी शांतता. सेन्सर नजरेच्या वर लावा, नाहीतर उपटला जातो. बॅटरी आठवड्यातून एकदा दार उघडून तपासा.

अलार्म कळवतो, अडवत नाही. तो वाजल्यावर ‘कुठे निघालात?’ अशी उलटतपासणी नको, वाद घालून ‘हेच तुमचं घर’ हे पटत नाही. ‘थांबा, मीही येते’ म्हणत दहा पावलं सोबत चाला, मग बोलता बोलता आत वळवा.