टेबलाला बसलेली माणसं: बेळगावातल्या मुलांच्या बास्केटबॉल स्पर्धेचा अनुभव

यंदा मे महिन्यात टिळकवाडीत चार दिवस शाळकरी मुला-मुलींची बास्केटबॉल स्पर्धा झाली. माझी लेक चौदा वर्षांची. अनगोळच्या पोरींच्या संघातून ती खेळली आणि उपांत्य सामन्यात त्यांचा संघ हरला. जिंकलेल्यांचं पेपरात येतं, बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांचा फोटोही येतो. सकाळी सातपासून दिवस मावळेपर्यंत टेबलाला बसून कागद भरणाऱ्यांबद्दल कुणी काही लिहीत नाही, म्हणून मी लिहितोय.

मी उद्यमबागेत एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. बावीस वर्षं झाली. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर हातात घेऊन दिवस जातो. माप चुकलं की माल परत येतो हे अंगात मुरलंय, त्यामुळे मैदानावर गेलो तरी माझी नजर आधी मापांवर जाते.

पहिल्या दिवशी साडेसहाला आम्ही पोचलो तेव्हा पिवळ्या टी-शर्टातली दोन पोरं स्टूल घेऊन रिंगखाली उभी होती. एक वर चढून टेप धरायचा, दुसरा खाली आकडा वाचायचा. रिंगची वरची कड जमिनीपासून ३.०५ मीटरवर पाहिजे. पूर्वेकडची बरोबर होती. पश्चिमेकडची ३.०१ भरली, कारण त्या बाजूला कोर्टावर नवीन सिमेंटचा थर बसला होता. चौघांनी मिळून स्टँड उचलला, खाली लोखंडी पट्ट्या सारल्या, परत मापलं. पुन्हा एक पट्टी घातली, पुन्हा मापलं. ३.०५ आल्यावरच जाळी बांधली. चार सेंटिमीटरनं काय बिघडतंय, असं म्हणणारे भेटतील. पण पोरींनी वर्षभर एका उंचीवर हात बसवलेला असतो. त्या पट्ट्या सारताना पाहिल्या आणि माझा अर्धा जीव भांड्यात पडला.

याचं कारण गेल्या वर्षीचं आहे. दुसऱ्या एका गावच्या स्पर्धेत पोरींना ७ नंबरचा बॉल दिला होता. मुलींचा बॉल ६ नंबरचा. घेराला इंचभर लहान, वजनाला साधारण ५०-६० ग्रॅमनं हलका. तिथं विचारायला गेलो तर कुणाला विचारायचं हेच कळेना. मैदानात पन्नास माणसं, सगळ्यांच्या गळ्यात तीच बिल्ल्याची दोरी, आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. वेळ मनगटी घड्याळावर मोजत होते. सामना संपल्यावर गुणांचा कागद मागितला तर कागदच सापडला नाही. लेक त्या दिवशी गाडीवर मागं बसून घरापर्यंत एक शब्द बोलली नाही.

टिळकवाडीत उद्घाटनाला भाषण झालं नाही. स्पर्धाप्रमुख मॅडम, शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या, माईकवर आल्या आणि म्हणाल्या, "पोरांनो, आधी ही माणसं ओळखून घ्या. चार दिवस तुमचा खेळ यांच्या हातात आहे." मग एकेकानं पुढं येऊन स्वतःचं नाव सांगितलं, काम सांगितलं, आणि माझ्याकडे कशासाठी यायचं तेही सांगितलं. प्रत्येकाचं बोलणं मराठीत आणि कन्नडमध्ये. खानापूरची पोरं मराठी, चिकोडीकडची बरीचशी कन्नड, निपाणीच्या पोरांना दोन्ही येतं. गेटजवळ एक फलकही लावला होता. त्यावर प्रत्येकाचा फोटो, नाव, काम आणि कोणत्या भाषा बोलता येतात ते लिहिलेलं. भाषेचा हा रकाना मी आजवर कुठल्या स्पर्धेत पाहिला नव्हता. आपल्या सीमाभागात त्याची किती गरज आहे हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. माझ्या शेजारी चिकोडीच्या एका पोराची आजी बसली होती. तिनं फलकावर बोट ठेवून नातवाला विचारलं, कन्नड कुणाला येतं, आणि सरळ त्या पोरीकडे गेली. "बर्री अज्जी, कुंद्री," म्हणून त्या पोरीनं तिला स्वतःची खुर्ची दिली.

मॅडमनी पोरांना सांगितलेली एक गोष्ट मला नवीन होती. १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ काढला तेव्हा सगळे मिळून १३ नियम होते. त्यातले दोन नियम नुसते पंचांच्या कामाचे. एकानं खेळाडूंकडे बघायचं आणि फाऊल टिपायचे, दुसऱ्यानं बॉलकडे बघायचं, वेळ धरायची आणि गुण मोजायचे. फळांच्या टोपल्या टांगून खेळत होते तेव्हापासून मोजणाऱ्याची जागा ठरलेली आहे.

टेबलाला चौघं. मधे स्कोअर लिहिणाऱ्या ताई. एरवी एका सोसायटीत हिशेब बघतात. त्यांनी दोन पेनं वर करून दाखवली. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं. त्यांच्या शेजारी सहाय्यक, कुणाचा कितवा फाऊल झाला त्या आकड्याची पाटी उचलायला. मग टायमर, कॉलेजचा पोरगा, दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर सांभाळणारा. शिट्टी वाजली की घड्याळ थांबवायचं, बॉल खेळात आला की चालू. टोकाला २४ सेकंदवाला. संघानं तेवढ्या वेळात बॉल रिंगकडे मारला पाहिजे. बॉल रिंगला लागून परत त्याच संघाच्या हातात आला तर नव्यानं मिळतात ते १४ सेकंद. हा पोरगा अकरावीतला असेल. त्याच्या पुढ्यात डबा तसाच बंद, आणि डोळे बॉलवरून हलत नव्हते.

नोंदणीच्या टेबलावर एक काका होते, शाळेत क्लार्क म्हणून आयुष्य गेलेले. जन्मदाखले तेच तपासायचे. एका पोराचा मूळ दाखला घरीच राहिला होता, झेरॉक्स तेवढी आणलेली. काका ओरडले नाहीत. "वडलांना फोन लाव, पहिल्या बसनं आणायला सांग, तुमचा सामना अकराला हाय, तोवर वेळ हाय," एवढंच म्हणाले. दाखला दहाला आला. प्रथमोपचाराच्या सिस्टरबद्दल पुढं लिहितो.

आता तो प्रसंग. उपांत्यपूर्व सामना, निपाणीच्या पोरींबरोबर. चौथा क्वार्टर, तीन मिनिटं राहिलेली, आम्ही चार गुणांनी पुढं. माझ्या लेकीचा नंबर ४. तिच्याकडून एक फाऊल झाला आणि सहाय्यकानं पाटी उचलली ती ५ ची. पाच फाऊल म्हणजे बाहेर, सामना संपला तिच्यापुरता. लेक जागेवरच थिजली. माझ्या हिशेबानं चारच झाले होते. पण हिशेब माझा, बापाचा.

आमच्या कोचनी आरडाओरडा केला नाही, हे आधी लिहितो. ते टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "ताई, वाईच एकदा बघता काय?" ताईंनी कागद फिरवला नाही, लपवला नाही, रेफरींना हात करून बोलावलं आणि कोचना दिसेल असा धरला. मी तेवढ्यात दोरीपर्यंत पोचलो होतो, त्यामुळे मलाही दिसलं. प्रत्येक खेळाडूपुढं फाऊलचे पाच चौकोन. पहिला अर्धा भाग संपला की तोवर भरलेल्या आणि रिकाम्या चौकोनांच्या मधे एक जाड रेघ ओढायची पद्धत आहे. लेकीच्या ओळीत रेघेच्या अलीकडे दोन, पलीकडे एक लाल आणि दोन निळे. रेघेनंतरचं लाल म्हणजे तिसऱ्या क्वार्टरचं. कोच म्हणाले, तिसऱ्या क्वार्टरला तर पोरगी पूर्णवेळ बाकावर होती.

रेफरींनी डोळे मिटले, क्षणभर आठवलं आणि म्हणाले, "तो कॉल माझा. मी १४ दाखवला होता." चौदा दाखवताना उजव्या हाताची मूठ आणि डाव्याची चार बोटं. चार दाखवताना नुसती चार बोटं. त्या वेळी मधे कुणीतरी खेळाडू आडवी आली असणार आणि ताईंना मूठ दिसली नाही, बोटं तेवढी दिसली. टायमरच्या पोरानंही सांगितलं, ४ नंबरची बदली चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला मीच नोंदवून घेतली. फाऊल आमच्याच संघाचा, एका पोरीच्या नावावरून दुसरीच्या नावावर जाणार होता. सामन्याच्या शेवटी रेफरींची सही पडेपर्यंत अशी चूक दुरुस्त करता येते. रेफरींनी सांगितलं तशी ताईंनी ती खूण खोडली, १४ च्या ओळीत लिहिली, आणि पाटी ४ ची वर गेली.

मग ताई उभ्या राहिल्या. माईक घेतला. "४ नंबरचा पाचवा फाऊल चुकून नोंदवला गेला होता. चूक टेबलची होती, माझी होती. दोन्ही संघांची माफी मागते." हेच परत कन्नडमध्ये. तिथं तीनशेभर माणसं असतील. पोरासोरांच्या स्पर्धेत, भर मैदानात, माईकवर चूक कबूल करणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. आमच्याकडे शिफ्ट संपताना चुकीचा रिपोर्ट गेला तर तो कुणाच्या नावावर ढकलायचा यावर तास जातो.

निपाणीकडच्या काही पालकांना हे पटलं नाही, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही लगेच पटलं नसतं. मॅडम स्वतः त्यांच्यात जाऊन बसल्या, सामना संपल्यावर कागद दाखवीन म्हणाल्या, आणि संपल्यावर खरंच दाखवला. आम्ही दोन गुणांनी जिंकलो. त्यातला एक गृहस्थ जाताना मला म्हणाला, "पोरगी चांगली खेळतीया तुमची." तो निपाणीचा बाप मला आजही आठवतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वळीव कोसळला. मुलांच्या सामन्यात तिसऱ्या क्वार्टरची सहा मिनिटं बारा सेकंद राहिली होती. पोरं पळाली, आम्ही पळालो, टेबलाचे चौघं जागेवर. ताईंनी कागदावर प्लास्टिक धरलं, टायमरनं वेळ मोठ्यानं वाचली, दुसऱ्यानं २४ चे किती उरले ते सांगितलं, पुढचा बॉल कुणाचा तो बाण कुठल्या बाजूला होता तेही लिहिलं, कोर्टावर कोण पाच-पाच होते त्यांचे नंबर लिहिले. मग आडोशाला आले. दुसऱ्या दिवशी सातला गोणपाटं आणि वायपरनं कोर्ट कोरडं केलं आणि खेळ बरोबर ६:१२ वरून सुरू झाला.

सिस्टरचं सांगायचं राहिलं. रक्त आलं की खेळाडूनं बाहेर यायचं आणि रक्त थांबून जखम झाकल्याशिवाय आत जायचं नाही, हा नियम त्या कोचपुढं, आईबापापुढं, कुणापुढंही सोडत नव्हत्या. खानापूरच्या एका पोरीचा गुडघा सिमेंटवर सोलवटला. ती रडत होती ती आत जायला मिळेना म्हणून. सिस्टरनी पट्टी बांधता बांधता तिला स्वतःच्या गावच्या गोष्टी सांगितल्या आणि चार मिनिटांत परत पाठवली. पोरींच्या कपडे बदलायच्या खोलीला कडी नव्हती. तिथं पलंगपोस बांधून स्वतः दाराशी उभ्या राहिल्या त्याही याच सिस्टर.

त्या कडीवरून तक्रारीवर येतो. खोलीला कडी पाहिजे, ते काम सिस्टरचं नव्हतं. मे महिन्यात दुपारी बाराला पोरींचे सामने ठेवणं चूक आहे. सिमेंट तापून बुटांचे तळवे चिकटत होते, आणि मुलांचे सामने मात्र सकाळी आणि संध्याकाळी होते. मी मॅडमना सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशीच्या दोन सामन्यांची अदलाबदल केली. तरी हे वेळापत्रक करतानाच सुचायला हवं होतं. सगळ्यात मला लागलं ते टेबलाच्या पोरांचं. सातपासून सातपर्यंत तीच चौघं. त्या २४ सेकंदवाल्या पोरानं पहिल्या दिवशी साडेतीनला उभ्याउभ्या थंडगार उप्पीट खाल्लं, तेही दोन सामन्यांच्या मधल्या पाच मिनिटांत. बारा तास डोळे लावून बसलेल्या माणसाकडून मूठ दिसायची राहते, यात नवल नाही. आमच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला सलग आठ तासांच्या वर बसवत नाहीत. पुढच्या वर्षी टेबलाच्या दोन तुकड्या करा. माणसं कमी पडत असतील तर आम्हा पालकांना शिकवा, मी रजा टाकून येईन.

ज्यांना पोरांना पाठवायचंय त्यांच्यासाठी: मूळ दाखला न्या, छत्री न्या, बसायला सतरंजी न्या, पाणी तिथं भरपूर आहे. गेटजवळच्या फलकापुढं पाच मिनिटं थांबा आणि पोराला त्या माणसांची तोंडं ओळखीची करून द्या.

शेवटच्या दिवशी लेक ताईंकडे गेली आणि म्हणाली, मला हा कागद भरायला शिकवाल काय. ताईंनी एक कोरा कागद दिला, तीन गुणांची बास्केट झाली की खेळाडूच्या नंबरभोवती गोल कसा करायचा ते दाखवलं, आणि म्हणाल्या, आधी गल्लीतल्या पोरांचे सामने लिही, मग माझ्याकडे ये. आता रविवारी आमच्या गल्लीच्या टोकाला पोरं खेळतात आणि ही पायरीवर बसून लिहिते. घरात लाल पेन एकच, माझं, नापास मालावर खूण करायचं. ते तिला द्यायचं नव्हतं. शहापूरला जाऊन दोन लाल आणि दोन निळी आणली.