गोल्फचा पहिला आयर्न सेट: ब्लेड की कॅव्हिटी बॅक?

आयर्न म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याचे गोल्फ क्लब. टायगर वुड्सच्या बॅगेतले सडपातळ ब्लेड, म्हणजे भरीव पाठीचे आयर्न, पाहून नवशिक्याला त्यांचा मोह पडतो. पण त्याच्यासाठी मी निःशंकपणे कॅव्हिटी बॅकच सुचवेन.

ब्लेडमध्ये वजन मध्याभोवती एकवटलेलं असतं. चेंडू क्लबहेडच्या टोकाकडे किंवा हीलकडे (दांड्याजवळच्या बाजूला) लागला की क्लबहेड हातात वळतं आणि अंतर चटकन घटतं. कॅव्हिटी बॅकमध्ये मागचा भाग पोकळ करून तेच वजन कडेला नेलेलं असतं. 'पिंग' या क्लब बनवणाऱ्या कंपनीचे कार्स्टन सोलहाइम यांनी 1960च्या दशकात ही रचना पुढे आणली. चुकलेला फटकाही त्यामुळे बऱ्यापैकी सरळ जातो. तळ रुंद असल्याने पावसाळ्यातल्या ओल्या गवतात क्लब कमी रुततो.

ब्लेडच्या बाजूनेही बोलायला हवं. फटका कुठे लागला हे हाताला लगेच कळतं, चेंडूला मुद्दाम वळण देणंही सोपं जातं. मात्र त्यासाठी स्विंग (क्लब फिरवण्याची लय) आधी बसलेला हवा.

दुकानात एक गोष्ट नक्की विचारा: लॉफ्ट, म्हणजे फेसचा (चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा) कल, किती? तो कमी असेल तर चेंडू लांब जातो. ब्लेडचा 7 आयर्न (सेटमधला 7 क्रमांकाचा क्लब) साधारण 34 अंशांचा, तर नवशिक्यांसाठीच्या बऱ्याच सेटमधला 30 अंशांच्या आसपास. त्यामुळे 'हा लांब मारतो' एवढ्यावर तुलना करू नका.

तंत्रासाठी कॅव्हिटी बॅक घेऊनही फेसवर पावडरचा हलका फवारा मारा. चेंडूचा ठसा उमटतो. ठसे मध्यावर जमू लागेपर्यंत 7 आयर्नचा अर्धा स्विंगच करत राहा.