औसा तालुक्यात गावाकडच्या घराला हायब्रीड सोलार बसवला, काम कसं झालं ते

आमच्याकडं डीपी जळली की दुसरी येईपर्यंत अर्ध गाव अंधारात, म्हणून घरावर ३ किलोवॅटचा हायब्रीड, म्हणजे लाईनलाही जोडलेला आणि बॅटरीसकट असलेला सोलार बसवून घेतला, लातूरच्या एका छोट्या दुकानदाराकडून. त्याचं काम लई आवडलं. त्याच्या आधी जे येऊन गेले ते सरळ रेटच सांगायचे, त्यातला एकजण तर साधा ऑनग्रीड, म्हणजे बिनबॅटरीचा, नुसता लाईनला जोडलेला, गळ्यात मारत होता, म्हणे लाईट गेली तरी चालतंय. नाही चालत भाऊ! लाईट गेली की ऑनग्रीड इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तो बनवलेलाच तसा असतो, भर दुपारी ऊन तळपत असलं तरी घरात पंखा फिरणार नाही.

या माणसानं वही काढली आणि रात्री काय काय चालू असतं ते आईला विचारून लिहून घेतलं. बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे तीन, ३० वॅटचे, १० तास म्हणजे ०.९ युनिट, मग फ्रीज, बल्ब, वायफाय, सगळं मिळून दोन-अडीच युनिट. त्यावरून ५१.२ व्होल्ट १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी काढली, ५.१२ युनिटची, पार रिकामी करायची नाही म्हणून चारच धरायचे. आभाळ आलं की पॅनल चार्जिंगला कमी पडतात, तेव्हा ही अडीचच्या वरची शिल्लक लागतेच. बोअरची मोटर बॅकअपला जोडायला मात्र त्यानं सरळ नाही म्हणलं, १ एचपी म्हणजे ७४६ वॅट दिसतात पण सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते, इन्व्हर्टर ट्रिप होतो, म्हणजे बंद पडतो. हे तोंडावर सांगणारा दुकानदार सापडत नाही हो.

केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी ३ किलोवॅटला ७८,००० आहे, पण ती पॅनलवर, बॅटरीला वेगळं काही नाही, तो खर्च आपलाच.

अर्थिंगचे खड्डे वेगवेगळे घेतले, पॅनल दक्षिणेला. धुवायला बोअरचं पाणी नको म्हणला, क्षाराचे पांढरे डाग पडतात, आणि धुवायचं ते सकाळी काच तापायच्या आत. एकच तक्रार, डिस्प्ले आणि अ‍ॅप सगळं इंग्रजीत, आईला बॅटरी किती उरली ते कळत नाही, मराठीत एक कागद लिहून इन्व्हर्टरशेजारी चिकटवून द्यायला काय जातंय.